सोयरिकीच्या आड आलेले लॅटिन

कॉलेजात दुसरी भाषा म्हणून मी लॅटिन घेतले, ते काही लॅटिनच्या ओढीने नव्हे. संस्कृतच्या वर्गाच्या दाराशी मी दोनदा जाऊन उभा राहिलो आणि दोनदा परत फिरलो. आत बसलेल्यांपैकी निम्म्या मुलांना शब्दांची रूपे घरूनच पाठ होती. आमच्या घरात लिहायला शिकलेला मी पहिलाच. वडील ठाण्याजवळ खाडीकाठच्या मिठागरात कामाला होते, आणि मॅट्रिक होईपर्यंत सुट्टीत मीही त्यांच्याबरोबर जात असे. संस्कृत शिकवणाऱ्या शास्त्रीबुवांनी मला हाकलले असते असे मी म्हणत नाही. कदाचित त्यांनी सरकून जागाही दिली असती. पण ते पाहण्याचा धीर मला झाला नाही. लॅटिनच्या वर्गात नऊ मुले होती आणि नऊजणांपैकी कोणालाच लॅटिनचे अक्षर येत नव्हते. ही बरोबरी मला फार बरी वाटली.

शिकवायला एक वृद्ध जर्मन पाद्री होते. त्यांना आम्ही फादर म्हणत असू. त्यांना मराठीची सात-आठ वाक्ये येत, आणि ती ते रोज, गरज असो वा नसो, एकदा तरी वापरत. त्यांची एक सवय मला पहिल्या आठवड्यापासून आवडली. एखाद्या शब्दाचे मूळ त्यांना ठाऊक नसले की ते तसे सरळ सांगत आणि फळ्याच्या उजव्या कोपऱ्यात तो शब्द लिहून ठेवत. तो कोपरा कोणी पुसायचा नाही, असा नियम होता. एवढे शिकलेला माणूस आपल्याला न येणाऱ्या गोष्टींची यादी मुलांच्या डोळ्यांसमोर ठेवतो, हे मी पूर्वी कधी पाहिले नव्हते.

पहिल्याच महिन्यात अंक आले. उनुस, दुओ, त्रेस. फादर एकेक अंक फळ्यावर लिहीत होते आणि मी वहीत उतरवत होतो. सातवर आलो तेव्हा माझा हात थांबला. सेप्टेम. सप्त. आमच्या गावात सप्ताह बसतो तो सप्त. पुढे देकेम म्हणजे दहा. फादरांनी बाजूला इतर भाषांतले सातही लिहिले: इटालियन सेत्ते, फ्रेंच सेत, इंग्रजी सेव्हन, त्यांच्या स्वतःच्या भाषेतला झीबेन आणि ग्रीकमधला हेप्टा. ग्रीक तेवढा वेगळा दिसत होता. फादर म्हणाले, "त्याला वेगळा समजू नका. लॅटिनमध्ये जिथे शब्दाच्या आरंभी 'स' येतो, तिथे ग्रीकमध्ये पुष्कळदा 'ह' येतो. लॅटिनमध्ये मिठाला साल म्हणतात, ग्रीकमध्ये हाल्स."

मिठाचे नाव निघाल्यावर मी मान वर केली. माझ्या घरी जे पिकते त्याचे नाव रोमच्या आणि ग्रीसच्या लोकांनी आपापल्या तोंडाने कसे फिरवले, हे मला एका ओळीत कळले होते. आमचे मीठ आणि लवण मात्र त्यात बसेना. तास संपल्यावर मी भीत भीत विचारले. फादर म्हणाले, "ते शब्द वेगळ्या घरचे असावेत. मला ठाऊक नाही." आणि कोपऱ्यात 'लवण' लिहिले, देवनागरीत, थोडे वेडेवाकडे.

त्यानंतर मला दुसरे काही सुचेना. लॅटिनचा 'प' इंग्रजीत 'फ' होतो, हे कळले त्या दिवशी मी रस्त्याने चालताना ओठांनी तेच करत होतो. पातेर, फादर. पिस्किस, फिश. पेदिस, फूट. आणि आपला पितृ आणि पाद मागे शांतपणे उभे. मी ज्या दारातून परत फिरलो होतो, त्याच घरात मागच्या दाराने कोणी मला आत घेतले, असे वाटले. फादरांनी एकदा सांगितले होते की व्यापारी एकमेकांकडून पुष्कळ शब्द घेतात, पण आई, बाप, हात, पाय आणि अंक सहसा कोणी उसने घेत नाही. "सहसा" हा शब्द मी वहीत लिहिला नाही. तो लिहिला असता तर पुढचे काही झाले नसते.

मी गिरगावात एका नातलगाच्या खोलीत राहत होतो. शनिवारी आगगाडीने ठाण्याला उतरायचे, भरती असेल तर पुढे होडीने आणि नसेल तर बांधाबांधाने चालत घरी जायचे, असा क्रम असे. घरी माझे हे नवे वेड ऐकायला एकटी माझी धाकटी बहीण होती. ती ऐके, पण हाताने काम चालू ठेवून, आणि थट्टा केल्याशिवाय नाही.

"दादा, तुजे लाटीनमधी टोपलीला काय बोलतात?"

"ते अजून आलं नाही."

"मग काय शिकतंस तू? पाय आला, मासा आला, टोपली नाय आली. तिकरचे लोक मीठ डोक्यावर कशात नेतात?" आमच्या बोलीत शब्दाच्या मधला 'ड' पुष्कळदा 'र' होतो; तिचे तिकर म्हणजे तिकडे.

त्या वर्षी तिच्यासाठी बाळकूमच्या एका घरची सोयरीक आली होती. ते लोकही आमच्यासारखेच मिठागराचे आणि शेतीचे. त्या घराच्या दारात गोड्या पाण्याची विहीर होती. आमच्याकडे उन्हाळ्यात पाण्यासाठी बायकांना बांधावरून दूर जावे लागे आणि खाऱ्या वाऱ्यात पायाला भेगा पडत. बहिणीने नवऱ्यामुलाला जत्रेत एकदा लांबून पाहिले होते. त्याच्याबद्दल ती काही बोलली नाही. विहिरीबद्दल मात्र तीनदा बोलली, आणि तिसऱ्यांदा बोलताना लाजली. त्यावरून मला समजायचे ते समजले. ही सोयरीक तिला मनापासून हवी होती.

माघात बाळकूमची मंडळी बोलणी पक्की करायला आमच्याकडे आली. मुलाचे वडील, चुलते आणि मुलाचे आजोबा. आमच्याकडून वडील आणि गावचे पंच. मी कॉलेजातला म्हणून मलाही पुढच्या घोंगडीवर बसवले होते. सुपारी तबकात ठेवलेली होती, फोडायची राहिली होती. गप्पा मिठावर आल्या. सरकारी काट्यावर वजन होऊ लागल्यापासून टोपलीने मोजणारे कोणी राहिले नाही, अशी आजोबांनी तक्रार केली आणि जुनी मोजणी कशी गाऊन करत, ते त्यांनी हात हलवत म्हणून दाखवले. पहिल्या टोपलीला एक म्हणायचे नाही, लाभ म्हणायचे. पुढे दोन, तीन, चार. सातव्याला सात म्हणायचे नाही, दर्या म्हणायचे. तेरावी देवाची.

मी ताडकन सरळ झालो. पहिल्या मापाला लाभ तर सगळेच म्हणतात. पण दर्या आणि देवाची हे मी फक्त माझ्या आजोबांच्या तोंडून ऐकले होते. आजूबाजूच्या कोणत्याही मिठागरावर ते नव्हते. माझ्या डोक्यात सेप्टेम आणि हेप्टा एकदम वाजू लागले.

मी एरवी चार माणसांत बोलत नाही. त्या दिवशी बोललो. म्हणालो, शब्दांचे एक शास्त्र आहे, युरोपात मोठे विद्वान त्यावर आयुष्य घालवतात. अंक कोणी कोणाकडून उसने घेत नाही. ज्यांचे अंक एक, त्यांचे मूळ घर एक. तेव्हा आपली ही दोन घरे फार पूर्वी एकाच घरातून निघालेली आहेत, हे या मोजणीवरून सिद्ध होते.

हे मी आनंदाने सांगितले. खरेच सांगतो, मला वाटले की दोन्हीकडची माणसे आता उठून एकमेकांना भेटतील.

कोणी उठले नाही. आमच्या थोरल्या पंचांनी हातातले पान खाली ठेवले.

"म्हंजे भावकी झाली," ते म्हणाले.

तेव्हा मला कळले, मी काय केले होते ते. भावकीत लग्न होत नाही. एका कुळातली मुले म्हणजे भाऊ-बहीण.

"तसं नाही, मी म्हणतो ते फार जुनं, शेकडो वर्षांपूर्वीचं..." मी म्हणालो.

"कुल काय शंभर वर्सांनी आंबतं काय रं?" दुसरे पंच म्हणाले. "तुमचं घर खाडीपलीकडून आलं, कुठून ते कोनाला ठावं नाय. यांचंबी तसंच. कुलदेवी तर आपली सगल्यांची एकच, ती काय सांगनार? पोर शिकलेला हाय, सायबाचे कालेजात बसतो. तो उगीच बोलंल?"

माझ्या शिक्षणाचा गावाला एवढा मान होता, हे मला त्या क्षणापूर्वी माहीत नव्हते. नेमका त्या क्षणी तो नको होता.

बाळकूमच्या आजोबांनी माझ्याकडे पाहिले. मग त्यांनी काठी उचलली. "खातरी झाल्याबिगर सुपारी नको," एवढे म्हणून ते उठले, आणि त्यांच्यामागे सगळे उठले. मंडळी भरतीच्या आत निघून गेली. सुपारी तबकात तशीच.

मी आत गेलो तेव्हा बहीण पाहुण्यांसाठी काढलेली भांडी परत फळीवर लावत होती. माझ्याकडे पाठ करूनच ती म्हणाली, "तुना कोनी इचारलं होतं?" मग ती माझ्याशी बोलली नाही. दुसऱ्या दिवशी मी निघालो तेव्हाही नाही.

त्या आठवड्यात माझे वर्गात लक्ष नव्हते. पण एक तास माझ्यासाठीच ठेवल्यासारखा आला. फादरांनी फळ्यावर दोन शब्द लिहिले: लॅटिन हाबेरे आणि जर्मन हाबेन. दोन्हींचा अर्थ एकच, जवळ असणे. रूपही जवळजवळ एक. "हे भाऊ आहेत का?" त्यांनी विचारले. आठ हात वर झाले. माझा हात मी वर केला नाही. हुशारीमुळे नव्हे, भीतीमुळे.

"नाहीत," फादर म्हणाले. "लॅटिनमध्ये 'क' असेल तिथे आमच्याकडे 'ह' येतो. कोर्नु म्हणजे शिंग, आमचे हॉर्न. केंतुम म्हणजे शंभर, आमचे हुंडर्ट. मग हाबेनचा लॅटिन भाऊ 'क'ने सुरू व्हायला हवा. तो आहे कापेरे, म्हणजे पकडणे. तो हाबेनसारखा दिसत नाही, पण खरा भाऊ तो. हाबेरे नुसता दिसायला सारखा." मग ते हसून म्हणाले, "लहानपणी मी या दोघांना सख्खे भाऊ समजत होतो. माझ्या मास्तरांनी मला दोन दिवस बाकावर उभे केले."

ज्या दोन शब्दांचा अर्थ एक आणि चेहरा एक, त्यांचे नाते नाही, आणि ज्यांचा चेहरा निराळा ते भाऊ. एवढ्या दुःखातही मला त्या शास्त्राचे कौतुक वाटले. ते आपल्याला आवडेल तिकडे वळत नव्हते.

तास संपल्यावर मी थांबलो आणि सगळे सांगितले. सोयरीक, टोपल्या, दर्या, पंच. इंग्रजीत भावकी कशी सांगावी हे मला जमेना, तेव्हा फार वेळ लागला. फादरांनी सगळे ऐकून घेतले. शेवटी त्यांनी माझी वही मागितली आणि अंकांचे पान काढले.

"मी 'सहसा' म्हटले होते," ते म्हणाले.

"हो, फादर."

"आमच्या जर्मन भाषेत खिडकीला फेन्स्टर म्हणतात. तो लॅटिनचा फेनेस्ट्रा. जर्मन आणि रोमन एका घरचे म्हणून तो आमच्याकडे नाही. आमच्या लोकांनी तशी खिडकी रोमन लोकांकडून घेतली, तिच्याबरोबर शब्द आला. वस्तू येते, काम येते, त्याच्याबरोबर बोलणे येते. तुमचे ते अंक घरातले आहेत की कामावरचे?"

मी विचार केला. माझे आजोबा टोपल्या मोजताना दर्या म्हणत. घरी आम्हा नातवंडांना मोजताना सातच म्हणत.

"कामावरचे," मी म्हणालो.

"मग त्या वृद्ध गृहस्थांकडे ते कसे आले? मला सांगता येणार नाही. ते हयात आहेत ना?"

"हो."

"लॅटिन घरी बोलणारा एकही माणूस मला काही विचारायला उरलेला नाही," फादर म्हणाले. "तुम्ही नशीबवान आहात. जा आणि विचारा."

शनिवारी घरी येताच मी वडिलांना म्हणालो, "बाबा, माझं चुकलं असेल. मला बाळकूमला जाऊन त्या आजोबांना एक विचारायचं आहे."

वडील बांधाची माती चापत होते. सोयरीक मोडल्यावर मुलीच्या बापाने न बोलावता मुलाच्या दारात जाणे म्हणजे काय, ते त्यांना मला सांगण्याची गरज नव्हती. त्यांनी हात धुतले. "होरी काढ," म्हणाले. "मी येतो. पन मी बोलनार नाय. तोंड तू उघडलंस, तूच बंद कर."

बाळकूमला आजोबा अंगणात टोपली विणत बसले होते. त्यांनी आम्हाला पाणी दिले. पाणी गोडे होते, त्यांच्या दारातल्या विहिरीचे. मी उभ्यानेच विचारले, "आजोबा, ती मोजणी तुम्हाला कोणी शिकवली? दर्या आणि देवाची?"

म्हातारे हसले नाहीत, पण त्यांच्या डोळ्यांभोवती सुरकुत्या पडल्या. "तुजे आज्यानं."

मी वडिलांकडे पाहिले. वडीलही चकित झालेले दिसले.

"तुजा बापूस तवा रांगत होता. दोन हंगाम मी तुमचे आगरावर होतो. तुजा आजा मापारी, टोपल्या मोजायचा. पैले दिवशी मी सात बोललो, तर त्यानं टोपली माझे पायावर ओतली. बोलला, आमचे आगरावर दर्या बोलायचं. मग काय, बोललो. घरी आलो तरी आगरावर तेच तोंडात बसलं. माझे बापाला नाय म्हाईत दर्या-बिर्या."

"मग त्या दिवशी तुम्ही सांगितलं का नाहीत?"

"अरे, मी पोराकरचा माणूस! पोरीचे आंगनात बसून वाद घालू? लोक बोलले असते, बालकूमकरांना पोरगी मिलत नाय, म्हनून म्हातारा हाता-पाया परतो." त्यांनी टोपलीची काडी दातांनी तोडली. "आनि तू इतका शिकलेला. सायबाचे इद्वान मोजलेस. मी समोर बसलो होतो, मना एक सवाल नाय केलास."

ते खरे होते. युरोपातल्या सहा भाषांतले सात मला पाठ होते, आणि ज्याच्या तोंडून दर्या ऐकला त्याला तो कुठून आणला हे मी विचारले नव्हते. मी वाकून त्यांच्या पाया पडलो. "पंचांपुढं हे सांगाल का?"

"तू बोलावशील तर येतो. तुजे बापानं बोलावलं तर नाय. चूक तुजी हाय."

पुढच्या रविवारी सकाळी तीच माणसे त्याच अंगणात बसली. मला उभे राहून बोलायचे होते. मी म्हणालो, मी सांगितले ते शास्त्र खरे आहे, पण मी ते अर्धेच शिकलो होतो आणि घाईने लावले. दिसायला सारखे शब्द दोन वाटांनी येतात, काही जन्माने आणि काही सोबतीने. मला एकच वाट ठाऊक होती. मागे सारवलेल्या भिंतीला मी हात टेकवला होता. मग आजोबांनी टोपली पायावर ओतल्याची गोष्ट सांगितली. ती पंचांना माझ्या भाषणापेक्षा लवकर पटली.

तरी थोरले पंच सहज सोडणारे नव्हते. "दोन हंगाम संगती काम केलं, ठीक," ते आजोबांना म्हणाले. "पन याचा आजा वारला तवा तू आलतास काय?"

"आलतो. खांदा दिला. लाकरं वाहिली."

"सुतक?"

"नाय. खारीवर न्हालो, होरीत बसलो, आनि जेवलो. तुमीच माझे संगती होरीत होता, आठवा."

पंचांनी डोळे मिटले. ते आठवत होते. जो भावकीतला, त्याला सुतक लागते. तो न्हाऊन लगेच जेवायला बसू शकत नाही. एवढा जिवाभावाचा माणूस आला, खांदा दिला, आणि तरी त्याने सुतक धरले नाही. आणि त्याने धरावे असे आमच्या घरातही कोणाला वाटले नाही. ज्या पिढीला दोन्ही घरांचे मागचे ठाऊक होते, त्या पिढीने निकाल तेव्हाच देऊन ठेवला होता. मला मनातल्या मनात फादरांचा फळा दिसला. चेहऱ्यावर विश्वास न ठेवता नियम लावून पाहण्याची ही रीत आमच्या खाडीकाठी माझ्या आधीपासून होती, आणि ती जाणणारी माणसे मी ज्यांना शिकवायला निघालो होतो तीच होती.

"होय," पंच डोळे उघडून म्हणाले. "सुकट-भाकर खाल्ली होतीस. मना नाय दिलीस." मग वडिलांकडे वळून, "भावकी नाय. सोयरीक व्हते."

वडिलांनी तबक पुढे सरकवले. सुपारीवर अडकित्ता ठेवताना पंचांना माझी आठवण झाली. त्यांनी हात थांबवला आणि अगदी खऱ्या आदराने मला विचारले, "मास्तर, फोरू ना? का तुजे पुस्तकात अजून काय हाय?"

मी उत्तर द्यायला तोंड उघडले. मला म्हणायचे होते की आता काही शंका नाही. पण त्याआधीच दाराआडून बहिणीचा आवाज आला, पंधरा दिवसांतला पहिला, आणि मुलाकडचे सगळे ऐकत असताना:

"नाय! काय नाय पुस्तकात! तुमी फोरा!"

आजोबा एवढे हसले की त्यांना ठसका लागला, आणि त्या हसण्यातच सुपारी फुटली.